डेव्हरॉनवरचा खासगी पट्टा: नाव साल्मनचं, पण जावं ते सी ट्राउटसाठी

पुण्यातल्या आमच्या गळवाल्या मंडळींपैकी निम्म्यांची मुलं आता परदेशात आहेत. त्यामुळे "मुलाकडे चाललोच आहोत, तर स्कॉटलंडमध्ये साल्मनला गळ टाकता येईल का, खर्च किती येतो, आपल्याला झेपेल का" हे प्रश्न मला सारखे येतात. गेल्या जूनच्या अखेरीस मी, आमचे हे आणि अ‍ॅबर्डीनला नोकरी करणारा आमचा मुलगा असे तिघं डेव्हरॉन नदीवरच्या एका खासगी पट्ट्यावर आठवडाभर राहून आलो. त्या जागेबद्दल सविस्तर लिहिते, म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगायला नको.

निकाल आधीच सांगून टाकते. पट्टा उत्तम आहे, दिलेल्या पैशांचं समाधान आहे आणि मी पुन्हा जाणार आहे. मात्र जाहिरातीत साल्मनचे फोटो बघून जून-जुलैत जाऊ नका. त्या दिवसांत तिथलं खरं वैभव रात्रीच्या सी ट्राउटचं, म्हणजे समुद्रातून नदीत येणाऱ्या ट्राउट माशाचं, आहे, आणि ते पुण्यात कोणालाच फारसं माहीत नाही.

आधी हा पट्टा म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. स्कॉटलंडमध्ये साल्मन धरण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी मालमत्ता असते. काठावरचं शेत एकाचं आणि पाण्यातला साल्मन धरण्याचा हक्क दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. त्यामुळे आपल्याकडे पानशेतच्या किंवा मुळशीच्या काठावर जागा बघून बसतो तसं तिथे चालत नाही. हक्काच्या मालकाची लेखी परवानगी लागते. नदीचे असे तुकडे केलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि प्रत्येक बीटवर एका दिवशी किती रॉड, म्हणजे गळाच्या काठ्या, चालतील ते ठरलेलं असतं. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी रॉड लायसन्स घ्यावं लागतं. स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी ते लागत नाही, मालकाची परवानगी पुरते. आमचा पट्टा हंटली आणि टर्रिफ या दोन गावांच्या मधला, साधारण दीड मैलाचा, दोन्ही काठ आपलेच, आणि रॉड फक्त तीन. म्हणजे आम्ही तिघं सोडून त्या दीड मैलात गळ घेऊन दुसरं कोणीही येणार नाही. यांनी गळ धरला नाही, त्यामुळे दोनच रॉड पाण्यात होते. ज्यांनी रविवारी खडकवासल्याच्या भिंतीखाली खांद्याला खांदा लावून गळ टाकलाय, त्यांना ह्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आम्हाला एका रॉडला दिवसाचे ७५ पौंड पडले, म्हणजे तेव्हाच्या दराने आठ हजार रुपयांच्या आसपास. गिलीचे, म्हणजे पट्ट्यावरच्या माहीतगार माणसाचे, पैसे वेगळे, राहायच्या घराचे वेगळे. हा जूनचा भाव. सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेव्हा साल्मन भरपूर चढतो, तेव्हा ह्याच पट्ट्याचा भाव बराच वर जातो आणि जुनी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं तेच आठवडे धरून ठेवतात, त्यामुळे नव्या माणसाला जागा मिळणं अवघड. टे, ट्वीड, स्पे या नावाजलेल्या नद्यांवर चांगल्या पट्ट्याचे दर ऐकले की छातीत धस्स होतं. डेव्हरॉन त्या मानाने आपल्या खिशाची नदी आहे.

नदी तशी मध्यम. कॅब्राखच्या डोंगराळ भागात उगम पावते, सुमारे ६० मैल वाहते आणि बॅन्फ व मॅकडफ या दोन गावांच्या मधून समुद्राला मिळते. पाणी दलदलीच्या मातीतून येत असल्यामुळे बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं, पण गढूळ नाही. गुडघाभर पाण्यात तळाचा गोटा न् गोटा दिसतो. दोन्ही बाजूंना बार्लीची शेतं, मेंढ्यांची कुरणं आणि पाण्यावर वाकलेली आल्डरची झाडं. जवळची वस्ती टेकडीपलीकडे. काठावर उभं राहिल्यावर गाडीचा आवाज येत नाही, फोनला रेंज नाही. यांना दुसऱ्या दिवशी त्याचा त्रास वाटायला लागला, मला आठवडाभर वाटला नाही.

गळाची आवड असलेल्या बायकांनी ह्या नदीचं नाव माहीत करून घ्यावं असं एक कारण आहे. १९२४ साली ह्याच डेव्हरॉनवर मिसेस मॉरिसन नावाच्या बाईंनी ६१ पौंड वजनाचा साल्मन फ्लायवर, म्हणजे गळाला पिसं-केस बांधून केलेल्या नकली आमिषावर, धरला. ब्रिटनमध्ये फ्लायवर धरलेला त्याहून मोठा साल्मन आजवर नोंदला गेलेला नाही. आणि कुठल्याही आमिषावर रॉडने धरलेल्या साल्मनचा ब्रिटिश विक्रम आहे ६४ पौंडांचा, ७ ऑक्टोबर १९२२ला टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन यांनी केलेला. शंभर वर्षं उलटली, दोन्ही विक्रम बायकांच्याच नावावर आहेत. पानशेतला अण्णांबरोबर गळ घेऊन जायचे तेव्हा "मुलीला कशाला आणता?" म्हणणारे काका मला अजून आठवतात. त्यांना हे सांगायला फार आवडलं असतं.

आता त्या जागेतल्या माझ्या मते सगळ्यांत मोलाच्या गोष्टीकडे येते, ती म्हणजे गिली. गिली म्हणजे पट्ट्याचा माहीतगार. नदीची देखभाल त्याच्याकडे, आलेल्या पाहुण्याला कुठे उभं करायचं, कुठली फ्लाय बांधायची, पाणी किती खोल, दगड कुठे निसरडे, हे सगळं त्याच्याकडे. आमचे गिली साठीच्या पुढचे, बोलणं कमी आणि उच्चार असा की पहिल्या दिवशी मुलाला दुभाष्याचं काम करावं लागलं. पण त्यांनी पहिल्या तासात माझ्या हाताकडे बघून ओळखलं की मी पाण्यात नवी नाही, फक्त दोन हातांच्या रॉडला नवी आहे, आणि त्याच हिशोबाने शिकवायला सुरुवात केली.

दोन हातांचा रॉड म्हणजे तेरा फुटी काठी. पाठीमागे झाडं असल्यामुळे दोरी मागे फेकून टाकता येत नाही, म्हणून दोरीचा शेवटचा भाग पाण्यावर टेकवून, तिथून वळसा देऊन पुढे सोडायची. ह्याला स्पे कास्ट म्हणतात. एकहाती फेक मी वारज्यात सोसायटीच्या मैदानावर सकाळी फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून बसवली होती. स्पे कास्टचं तसं होत नाही. दोरीला पाण्याची पकड लागते, गवतावर ती मिळत नाही. तेव्हा पुण्यात यूट्यूब बघून तयारी करण्यात वेळ घालवू नका. तिथे गेल्यावर पहिला अर्धा दिवस गिलींकडून नुसती फेक शिका. माझ्या मते गिलीचे पैसे वाचवणाऱ्याने तिथे जाऊच नये.

साल्मनसाठी डोह कसा चालायचा त्याची शिस्त ठरलेली आहे. डोहाच्या वरच्या तोंडाशी, जिथे खळखळ संपून पाणी खोल व्हायला लागतं, तिथे उतरायचं. प्रवाहाला तिरकी, खालच्या अंगाला फ्लाय टाकायची, ती ओढीबरोबर कमान घेत आपल्या काठापाशी येऊ द्यायची, मग दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा टाकायची. असं करत डोहाच्या शेवटापर्यंत. म्हणजे डोहातल्या प्रत्येक माशासमोरून फ्लाय एकदा तरी जाते. एकाच जागी ठिय्या मारून बसणं तिथे असभ्यपणाचं समजतात, कारण मागचा माणूस खोळंबतो. पट्ट्यावरच्या प्रत्येक डोहाला नाव आहे आणि कोणत्या पाण्याच्या पातळीला कोणता डोह चालतो ते गिलींना तोंडपाठ.

आता मुख्य अडचण. नदीत चढलेला साल्मन खात नाही. समुद्रात खाऊन जे अंगावर घेतलं त्यावर तो अंडी घालेपर्यंत महिनोन् महिने काढतो. आपल्या महाशीरला नाचणीच्या गोळ्याचा मोह पडतो, तसा मोह ह्याला कशानेच पडत नाही. तरीही त्याच्या नजरेसमोरून काहीतरी हललं की एखादाच एखाद्या वेळी त्यावर झडप घालतो, आणि त्या एका झडपेसाठी लोक दिवसभर पाण्यात उभे असतात. झडप आली तरी आपण झटका द्यायचा नाही. आपल्या हाताला ओढ लागली की झटका द्यायची सवय असते. इथे मासा फ्लाय घेऊन वळेपर्यंत थांबायचं आणि मग सावकाश रॉड उचलायचा. गिली मागे उभे राहून दर वेळी एकच शब्द म्हणायचे, "थांबा."

आठवड्यात साल्मन एकच लागला, तो मुलाला. एक हिवाळा समुद्रात काढून आलेला, पाच पौंडांच्या आतबाहेरचा; ह्यांना ग्रिल्स म्हणतात. चांदीसारखा लखलखीत, आणि शेपटीजवळ समुद्री उवा चिकटलेल्या. गिलींनी त्या बोटाने दाखवल्या. गोड्या पाण्यात त्या थोड्याच दिवसांत गळून पडतात, म्हणजे हा मासा नुकताच समुद्रातून वर आलेला होता. बॅन्फच्या खाडीपासून इतके मैल तो ताज्या दमाने चढून आला, हे कळल्यावर मुलाने त्याला हातात धरलं तेच फार जपून. जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ काढला, तोंड प्रवाहाकडे करून धरला, आणि दम भरल्यावर तो आपला आपण निघून गेला.

सोडायचा, हे आधीपासूनच ठरलेलं होतं. स्कॉटलंडमध्ये दर वर्षी नद्यांची साल्मनच्या संख्येवरून १, २, ३ अशी प्रतवारी लावतात आणि ३ मध्ये आलेल्या नदीवर धरलेला प्रत्येक साल्मन सोडावाच लागतो. १ एप्रिलच्या आधी धरलेला तर कुठल्याही नदीवर सोडावा लागतो. रॉडने धरलेला साल्मन विकायला बंदी आहे. आमच्या पट्ट्याचा स्वतःचा नियमही तोच: गळाचे काटे पक्कडने दाबून टाकलेले आणि मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. ज्यांना घरी नेऊन तळण्याचा आनंद हवा आहे, त्यांनी अ‍ॅबर्डीनच्या बाजारातून हॅडॉक मासा आणावा. फार सुंदर मिळतो.

सी ट्राउटकडे वळते, कारण मला लिहायचंय ते ह्याच्याबद्दल.

सी ट्राउट आणि तिथल्या ओढ्या-नद्यांत राहणारा तपकिरी ट्राउट ही एकच जात आहे. एकाच घरट्यातली काही पिल्लं आयुष्यभर नदीत राहतात, काही समुद्रात जाऊन चांदीची होऊन परत येतात. साल्मन ग्रीनलंडपर्यंत जातो, सी ट्राउट बहुधा किनाऱ्याच्या आसपासच चरतो. साल्मनपैकी फार थोडे दुसऱ्यांदा अंडी घालायला परत येतात, सी ट्राउट मात्र अनेक वर्षं ये-जा करू शकतो. दोघं शेजारी ठेवले तर शेपटीवरून ओळखू येतात: साल्मनच्या शेपटीच्या आधी बारीक मनगट असतं, तिथे हातात धरता येतो. सी ट्राउटची शेपूट सरळ काटलेली आणि मुळाशी जाड, हातातून सुटतो. त्याचा जबडाही डोळ्याच्या मागेपर्यंत जातो.

आणि तो अतिशय बुजरा. उन्हात डोहाच्या तळाशी दगडासारखा पडून राहतो, सावली पडली तरी सैरावैरा पळतो. म्हणून त्याच्यासाठी रात्री जायचं. जूनअखेरीस तिथे सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि पूर्ण काळोख असा होतच नाही. गिलींनी साडेदहाला आम्हाला काठावर आणून बसवलं आणि पाण्यात पाय घालू दिला नाही. समोरच्या काठावरच्या झाडांची पानं वेगवेगळी दिसेनाशी होईपर्यंत बसायचं. घाईने आधी उतरलात तर डोह त्या रात्रीपुरता संपला, असं त्यांचं म्हणणं. साडेअकरा झाले. वटवाघळं पाण्यावर फिरायला लागली. पलीकडच्या काठाखाली एकदा, मग पुन्हा, जड काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला. गिली म्हणाले, आता.

जागा दिवसाउजेडी पावलं मोजून ठेवली होती. रात्री टॉर्च पाण्यावर पाडायचा नाही, म्हणून ही मोजणी. डोहाची शेवटची उथळ बाजू, जिथे पाणी पसरून पुढच्या खळखळीत शिरतं, तिथे दिवसभर तळाशी दडलेले मासे काळोखात खाली सरकतात. दहा फुटी एकहाती रॉड, तरंगती दोरी, आखूड काळी फ्लाय. स्टोट्स टेल नावाची, काळे केस आणि चांदीची तार, बाकी नटवेपणा नाही. दोरी कुठे पडली ते दिसत नाही, बोटाला कळतं. फ्लाय कमान घेत येते आहे तेही बोटालाच कळतं. डोळ्यांचं काम संपल्यावर हातात इतकं लक्ष गोळा होतं हे मला ह्या वयात पहिल्यांदा कळलं.

ओढ आली ती अशी की रॉडचं टोक खाली गेलं आणि त्याच क्षणी समोर कुठेतरी मासा पाण्याबाहेर उडून आपटला. दिसलं काहीच नाही. आवाज उजवीकडे, दोरी डावीकडे, मग पुन्हा आवाज, पुन्हा आवाज. सी ट्राउट उड्या मारतो, आणि त्याचं तोंड मऊ असतं, जोर लावला तर गळ फाडून जातो. दोरी सैल पडू द्यायची नाही आणि ताणायचीही नाही. गिली जाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि एक शब्द न बोलता वाट बघत उभे राहिले. जाळ्यात, पाण्यातच ठेवून अंदाज घेतला, तीन पौंडांच्या थोडा वर असावा. त्यांनी पाण्यापासून वळून, अंगाचा आडोसा करून टॉर्च लावला, तेव्हा मला तो अर्धं मिनिट दिसला: पाठ गडद, कुशी चांदीच्या, त्यावर काळे ठिपके. मग सोडला.

त्या रात्री आणि नंतरच्या रात्रींत आम्हाला आणखी सी ट्राउट लागले, बरेचसे अर्ध्या-पाऊण पौंडाचे, पहिल्यांदाच समुद्रातून परतलेले. त्यांना तिकडे फिनॉक म्हणतात. पण लहान असो की मोठा, काळोखातली ती ओढ तीच. मी महाशीर धरलेत, मरळ धरलेत, कोकणात खाडीवर तांबोशी धरलीय. ह्या माशाइतका आनंद मला कुठल्याच माशाने दिलेला नाही, हे मी विचार करून लिहिते आहे.

आता जागेचे दोष, कारण तेही आहेत.

पहिला आणि मोठा दोष बुकिंगच्या पानावरचा. तिथे "पाच वर्षांची सरासरी" म्हणून पट्ट्यावर धरलेल्या माशांचा एक आकडा दिलेला असतो. सगळ्या स्कॉटलंडात पट्टे असेच विकले जातात. पण तो आकडा पूर्ण हंगामाचा असतो, आणि डेव्हरॉनचा हंगाम ११ फेब्रुवारी ते ३१ ऑक्टोबर इतका लांब आहे. त्यातले बहुतेक साल्मन शेवटच्या दोन महिन्यांत धरलेले असतील तर जूनमध्ये जाणाऱ्याला त्या आकड्याचा काय उपयोग? आम्ही फोन करून महिनावार नोंदी मागितल्या तेव्हा त्यांनी लगेच पाठवल्या, लपवाछपवी काही नव्हती. पण त्या पानावरच असायला हव्यात.

दुसरं, झोपडी. काठावर पाहुण्यांसाठी लाकडी झोपडी आहे, तीत गॅसची शेगडी, टेबल, ओले कपडे वाळत घालायला खुंट्या, भिंतीवर जुन्या नोंदवह्या. सगळं स्वच्छ. पण शौचालय नाही, त्यासाठी गाडीने राहत्या घरापर्यंत जावं लागतं. रात्रभर नदीवर राहायचं असताना बायकांना हे फार गैरसोयीचं आहे आणि मी ते मालकांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या हंगामाआधी सोय करतो म्हणाले. वरच्या दोन डोहांकडे जाणाऱ्या वाटेवर काटेरी कुंपणावरून चढायच्या पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालचे डोह मागून घ्यावेत.

मिज हा दोष त्या जागेचा नव्हे, पण सांगायला हवा. चिलटांहून बारीक, चावरे, वारा पडला आणि संध्याकाळ झाली की थव्याने येतात. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी नेलीत तर रात्र सुखाची जाईल, नाही तर सी ट्राउट विसरा. गवतात गोचीड असतात, त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो, म्हणून रोज घरी आल्यावर अंग तपासायचं.

रविवारी साल्मन आणि सी ट्राउट धरायला स्कॉटलंडमध्ये कायद्याने बंदी आहे. घर शनिवार ते शनिवार मिळतं, मासेमारी सोमवार ते शनिवार. त्या रविवारी आम्ही बॅन्फला नदीचं मुख बघून आलो. भरतीच्या पाण्याबरोबर सील हे समुद्री प्राणी माशांचा पाठलाग करत आत शिरतात, तो देखावा यांना संपूर्ण सहलीत सगळ्यांत आवडला.

पाण्याबद्दल एक सांगते. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते आपण पेपरात बघतो, तशी तिथली मंडळी सेपा ह्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या संस्थळावर नदीची पातळी बघून दिवसाचा बेत ठरवतात. पाऊस पडून पाणी चढलं की साल्मन समुद्रातून आत येतो, आणि ते उतरायला लागलं की धरण्याची उत्तम वेळ. आमच्या आठवड्यात पाणी कमी होतं, साल्मनला वाईट आणि सी ट्राउटला चांगलं. उन्हाळ्यात पाणी फार तापलं तर गळ टाकणंच थांबवायला सांगतात, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि दमवून सोडलेला मासा जगत नाही. अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत, पण तारखा बदलून देतात, हे आधी विचारून घ्या.

ह्या काळजीमागे कारण आहे. स्कॉटलंडमध्ये रॉडने धरलेल्या साल्मनच्या नोंदी १९५२पासून ठेवतात. २०१० साली हा आकडा एक लाखाच्या वर होता. २०२३मध्ये तो ३३ हजारांवर आला, नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी. त्याच वर्षी आययूसीएन ह्या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने ब्रिटनमधल्या अटलांटिक साल्मनला धोक्यात आलेल्या जातींत टाकलं. आपण दिलेल्या पैशांचा एक भाग ह्याच कामाला लागतो: प्रत्येक हक्कधारकाला नदीच्या मत्स्य मंडळाकडे पट्टी भरावी लागते आणि त्यातून पहारा, माशांची मोजणी, अडथळे काढणं चालतं. काठावर झाडं लावतात ती पाण्यावर सावली पडावी म्हणून. गिलींनी आम्हाला कोवळ्या आल्डरची एक अख्खी रांग दाखवली, मेंढ्यांपासून वाचवायला प्रत्येकाला जाळी.

ती रांग बघताना मला आपली मुळा-मुठा आठवत होती आणि ते लपवायचं कारण नाही. आपल्या दख्खनी महाशीरचं, टोर खुद्रीचं, शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केलं, ते पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. म्हणजे हा मासा जगाला आपल्या नदीने दिला. आज त्या पाण्यात महाशीर शोधायला कोणी जाणार नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार करतात, ती देशभरच्या पाण्यांत सोडली गेली. इतकं ज्ञान आपल्या दाराशी आहे. जो मासा धरायचा आहे त्याच्या पाण्याची राखण गळवाल्यानेच करायची, पैसे भरून आणि नोंदी ठेवून, ही रीत आपल्या पुण्याच्या मंडळींनी पवनेच्या किंवा नीरेच्या एखाद्या वरच्या टप्प्यावर सुरू करावी असं मला मनापासून वाटतं. ज्यांना ह्यात भाग घ्यायचा आहे त्यांनी खाली लिहा, मी पुढाकार घ्यायला तयार आहे.

जाणाऱ्यांसाठी राहिलेल्या गोष्टी. स्वतःचे वेडर्स (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारी), बूट आणि जाळं इथून नेणार असाल तर ते धुऊन पूर्ण वाळवून न्या, दुसऱ्या पाण्यातले रोग नदीत जाऊ नयेत म्हणून तिथे निर्जंतुक करूनच उतरू देतात. नॉर्वेच्या नद्यांत एका परजीवीने साल्मनचा जो नाश केला त्याची त्यांना धास्ती आहे. आम्ही रॉड आणि वेडर्स तिथेच भाड्याने घेतले, सोपं पडलं. आपोआप फुगणारं जाकीट गिली देतात, ते न घालता त्यांनी यांनाही काठावरून पुढे येऊ दिलं नाही. खायला भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी चालते. तूप, पेढे, चीज नेऊ नका, दुधाच्या पदार्थांना सीमेवर मनाई आहे. झोपडीतल्या शेगडीवर रात्री एकला थालीपीठ लावलं तेव्हा गिलींनी दोन खाल्ली आणि कृती लिहून घेतली. तिळाऐवजी काय घालू, असंही विचारलं.

तारखा निवडताना जूनचा शेवटचा किंवा जुलैचा पहिला आठवडा मागा, पौर्णिमा टाळून. लख्ख चांदण्यात सी ट्राउट वर येत नाही. रॉड दोनच घेतले तरी चालतं, तिसऱ्याचे पैसे भरायला लावत नाहीत. ज्यांना साल्मनच हवा आहे त्यांनी ऑक्टोबरसाठी आतापासून प्रतीक्षा यादीत नाव घाला. ज्यांना रात्री जागणं, गार पाण्यात उभं राहणं किंवा हाती आलेला मासा सोडून देणं जमणार नाही, त्यांच्यासाठी हा पट्टा नाही.